पिस्तूल अडलं की नळीवर खापर

गोळी अडकली म्हणजे नळी गेली, हे निदान परवानाधारकांच्या गप्पांत जवळपास ठरलेलंच असतं. खरं तर नळी हा पिस्तुलातला सगळ्यात चिवट भाग. पहिला संशय घ्यायचा तो मॅगझीनवर. त्याचे वरचे ओठ किंचित फाकले किंवा आतली स्प्रिंग सैल पडली, की काडतूस चुकीच्या कोनात वर येतं आणि चेंबरच्या तोंडाशी टेकून बसतं. ओळखायची रीत सोपी आहे. मॅगझिनांवर खुणेचे आकडे घाला. बिघाड एकाच मॅगझीनबरोबर फिरत असेल, तर नळीचा काही दोष नाही.

आपल्याकडे ९ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य नागरिकाला सहसा मिळत नाही, ती निषिद्ध बोअर. म्हणून परवान्यावर बहुधा ०.३२ बोअरचं येतं. ‘०.३२ म्हणजे ०.३२’ असं समजून रिव्हॉल्व्हरची काडतुसं मागणारेही भेटतात. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं कवच सुमारे २३ मिलिमीटर लांब, पिस्तुलाचं १७. रिव्हॉल्व्हरचं काडतूस पिस्तुलाच्या मॅगझिनात मावणारच नाही. पिस्तुलाच्या काडतुसाची खोड वेगळीच आहे. त्याच्या बुडाची कड कवचापेक्षा अर्धा मिलिमीटर रुंद असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे पडली, की स्लाइड त्याला पुढे ढकलते आणि ते खालच्याच्या कडेत अडकतं. मग पिस्तूल पूर्ण ठप्प. हा भरण्यातला दोष, पण शिव्या खातो कारखाना.

‘नळी हलते, म्हणजे फिटिंग ढिलं’ हा समज पसरवण्यात निवृत्त जवानांचाही थोडा हात असावा. मुदखेडला सीआरपीएफचं आणि चाकूरला बीएसएफचं प्रशिक्षण केंद्र असल्याने नांदेड-लातुरात असे सल्लागार मुबलक. दलातला त्यांचा अनुभव ९ मिलिमीटरचा. इच्छापूरच्या शस्त्र कारखान्याचं ‘वन-ए’ हे ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीवरचं पिस्तूल. त्यात गोळी सुटल्यावर नळी स्लाइडसोबत थोडी मागे सरकते आणि तिचं मागचं टोक खाली झुकतं, म्हणून स्लाइड मागे ओढलेली असताना ती हलणारच. पाहायचं ते स्लाइड पूर्ण बंद असताना. रिकाम्या पिस्तुलात, इजेक्शनच्या खिडकीतून नळीचा मागचा भाग अंगठ्याने दाबल्यावर तो खाली दबला, तर तपासणी हवी. बहुतेक ०.३२ पिस्तुलांत मात्र नळी जागची हलत नाही, त्यामुळे तिथे ही कसोटीच लागू नाही.

तेलाचंही तसंच, जास्त म्हणजे चांगलं नव्हे. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात जास्तीचं तेल धूळ धरून ठेवतं आणि स्लाइड जड होते. काडतुसावर ओघळलेलं तेल प्राइमरमध्ये झिरपून बार फुसका करू शकतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत ठाण्यात जमा केलेलं शस्त्र महिन्यांनी परत आलं, की आधी जुनं वाळलेलं तेल पुसा, मगच बिघाडाबद्दल बोला.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘लेथवाल्याकडे कानस मारून घेऊ.’ गोळी ज्या उतारावरून चेंबरमध्ये चढते, तो कानशीने खोलवर खरवडला, तर कवचाच्या बुडाचा आधार जातो आणि दाबाने कवच फुटतं. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्र दुरुस्त करायलाही परवाना लागतो. त्याच्या उल्लंघनाची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. तेव्हा परवानाधारक विक्रेता किंवा दुरुस्तीकार, एवढाच मार्ग.

आणि नेहमीपेक्षा बारीक, दबका आवाज आला, तर पुढची गोळी मुळीच झाडू नका. आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते. ट्रिगरवरून बोट काढा, नळी सुरक्षित दिशेला धरा, मॅगझीन काढा, चेंबर रिकामा करा आणि नळी आरपार मोकळी असल्याची जाणकाराकडून खात्री करून घ्या. नळीवर खरोखर संकट येतं ते अशाच वेळी.