सावकाश प्रवास : भोपाळच्या पाळीवरून

— द्वितीय वर्ष, कला

आमच्या घरात प्रवासाला निघणाऱ्याला एकच प्रश्न विचारला जातो, "काम काय?" लग्न, मयत, दवाखाना किंवा पंढरीची वारी, यांपैकी काही असेल तरच पिशवी भरायची. केवळ पाहण्यासाठी म्हणून गाव सोडलेले माणूस आमच्या घरात कोणी नव्हते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मी एकटीच चार दिवस भोपाळला जाणार, असे सांगितल्यावर आईने कपाळाला हात लावला. अखेर ओळखीने मुलींच्या वसतिगृहात सोय झाली, रोज दिवेलागणीला फोन करायची अट पडली आणि एस. टी.ने भुसावळ गाठून मी गाडीत बसले.

भोपाळविषयी मला दोनच गोष्टी पाठ होत्या. 1737 साली थोरल्या बाजीरावांनी तेथे निजामाला कोंडले आणि 1984 साली तेथे विषारी वायूची गळती झाली. अशी तुटपुंजी शिदोरी घेऊन गेले आणि पहिल्या दिवशी सगळे करतात तेच केले. रिक्षा करून ताज-उल-मसाजिद, मोती मशीद, गोहर महल आणि भारत भवन अशी चार स्थळे उरकली. रात्री वही उघडली, तर नावांपलीकडे लिहायला काहीच सुचेना. तेव्हा मी स्वतःपुरते तीन नियम केले. दिवसाला शहराचा एकच भाग पाहायचा. तो पायीच पाहायचा. आणि निदान एक जागा तरी सकाळी व संध्याकाळी, अशी दोनदा पाहायची. सावकाश प्रवास म्हणजे एवढेच. त्याला पैसा कमी लागतो, वेळ मात्र द्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलेबी खाऊन मी कमला पार्कात जाऊन बसले. शेजारच्या बाकावरील वृद्ध गृहस्थांना विचारले, "राजा भोजाचा बांध कोठे आहे?" ते हसून म्हणाले, "बेटी, बाँध पर ही तो बैठी हो।"

मी उठून दोन्ही बाजूंनी चालून पाहिले. एका अंगाला मोठा तलाव काठापर्यंत आलेला. दुसऱ्या अंगाला जमीन उतरत जाते आणि छोटा तलाव बराच खालच्या पातळीवर दिसतो. बाग आणि वाहता रस्ता ज्या उंचवट्यावर आहे, तीच अकराव्या शतकातील मातीची पाळ! धारच्या परमार राजा भोजाने कोलांस नदीला ही पाळ घालून पाणी अडवले, असे मानले जाते. छोटा तलाव त्यानंतर सातशेहून अधिक वर्षांनी, 1794 मध्ये झाला. 1965 साली भदभदा येथे दरवाजे बांधून मोठ्या तलावाची साठवण वाढवण्यात आली. पावसाळ्यात तलाव भरला की ते दरवाजे उघडतात आणि जादा पाणी कलियासोत नदीला मिळते. 2002 मध्ये दोन्ही तलावांना मिळून 'भोज पाणथळ' म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. शहराच्या बऱ्याच भागाला आजही याच पाण्याचा आधार आहे. आदल्या दिवशी मी या पाळीवरूनच रिक्षाने गेले होते आणि मला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

तिसरा दिवस जुन्या शहरात घालवला. तेथे घरांसमोर आणि दुकानांपुढे दगडी फरशा असतात, त्यांना 'पटिया' म्हणतात. संध्याकाळी लोक त्यांवर बसून गप्पा मारतात. आपल्या गावच्या पाराचीच ही बहीण. अशाच एका पटियावर दोन आजींनी मला बसवून घेतले आणि मीठ घातलेला चहा पाजला. 1819 ते 1926 या काळात कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतान जहाँ अशा चार बेगमांनी या संस्थानाचा कारभार पाहिला. हे त्या आजींनी मला इतक्या अभिमानाने सांगितले की, जणू बेगमा त्यांच्या सख्ख्या पणज्या! मी एकटी आले आहे याचे त्यांना नवल वाटले नाही.

चौथ्या दिवशी बंद पडलेल्या कारखान्यासमोरच्या स्मारकापाशी गेले. बाळाला उराशी धरलेल्या आईचा तो पुतळा आहे. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री ज्या वस्त्यांवर वायू पसरला, त्या तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. माझ्या स्थळांच्या यादीत ही जागा नव्हती. पाठ केलेला सनावळीचा आकडा तेथे उभे राहिल्यावर घशात अडकतो. घाईने जाणाऱ्याला शहराची सजलेली बाजू तेवढी दिसते, हे मला तेथे पटले.

घरी परतले तेव्हा आजी ओसरीवर बसली होती. तिने विचारले, "झालं का गं काम?" मी तिला राजाची, तलावाची, पाळीची हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "माती कुणी वाहिली?"

मला उत्तर देता आले नाही. राजाचे नाव हजार वर्षे टिकले. पाट्या वाहणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. 1972 च्या दुष्काळात आजीने आमच्या गावच्या पाझर तलावावर माती वाहिली होती. त्या तलावावरून मी बारा वर्षे शाळेत गेले, पण तिला त्याविषयी एकदाही विचारले नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी त्या पाळीवर गेलो. दहा मिनिटांच्या वाटेला एक तास लागला, कारण आजी प्रत्येक वळणावर थांबून कोण कोठे कामाला होते ते सांगत होती. मी वही सोबत नेली होती. त्या दिवशी सतरा नावे लिहिली.

मित्रमैत्रिणींनो, सुट्टीत जमले तर भोपाळला जरूर जा, आणि जाल तेव्हा पायी फिरा. नाही जमले, तर आपल्या गावचा तलाव आहेच.