सामायिक खेळाचे जग कोठे असते?

अशी कल्पना करा की, तंजावरच्या राजवाड्याजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील दोघा भावंडांनी 'माइनक्राफ्ट' या संगणकावरील खेळात बृहदीश्वराचे देऊळ बांधावयास घेतले आहे. या खेळातील सारे जग घनाकृती ठोकळ्यांचे असते व ठोकळ्याची प्रत्येक बाजू एक मीटर मानली जाते. राजराज चोळाने इ. स. १०१०च्या सुमारास पुरे केलेल्या या देवळाचे विमान साठ मीटरांहून उंच आहे. म्हणजे मुलांना एकावर एक साठांहून अधिक थर रचावे लागणार. काम मोठे आहे, आणि हात थोडे. म्हणून चेन्नईचा मावसभाऊ, पुण्याची आतेबहीण आणि न्यू जर्सीत वाढलेला चुलतभाऊ या तिघांनाही त्यात भाग घ्यावयाचा आहे. पाच जणांनी एकाच वेळी एकाच देवळावर काम करावयाचे, तर ते देऊळ असणार कोठे?

पाचही पडद्यांवर ते दिसेल हे खरे; परंतु पडद्यावर दिसते ते देवळाचे केवळ चित्र होय. पाच संगणकांनी आपापल्या मताप्रमाणे जग चालविले, तर एकाने काढून टाकलेला दगड दुसऱ्याच्या दृष्टीने जागेवरच राहील, आणि थोड्याच वेळात एका देवळाची पाच देवळे होतील. म्हणून अशा खेळात एकच यंत्र प्रमाण मानावे लागते. त्या यंत्रास, आणि त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामासही, सर्व्हर असे म्हणतात. पुण्याच्या मुलीने ठोकळा ठेवला, म्हणजे वस्तुतः तिच्या संगणकाने सर्व्हरकडे विनंती पाठविली. सर्व्हर ती तपासतो, मान्य करतो, आपल्या नोंदीत उतरवून घेतो आणि मग इतर चौघांना कळवितो. नोंद झाली तरच ठोकळा ठेवला गेला.

माइनक्राफ्टचा सर्व्हर हे काम ठरावीक ठोक्यांवर करतो. सेकंदाला वीस ठोके, म्हणजे एका ठोक्यास ५० मिलिसेकंद. तेवढ्या अवधीत वाढणारी पिके, वाहणारे पाणी, हिंडणारी जनावरे आणि खेळाडूंच्या विनंत्या या सर्वांचा हिशेब पुरा व्हावा लागतो. तो न झाल्यास पुढचा ठोका लांबतो आणि सर्वांचेच जग मंदावते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हा हिशेब बहुतांशी एकाच ओळीने, एकामागून एक, असा चालतो. त्यामुळे प्रोसेसरमध्ये सोळा गाभे आहेत की चार, यापेक्षा त्यांतील एक गाभा किती जलद आहे यास अधिक महत्त्व असते. जाहिरातींत मात्र गाभ्यांची संख्याच ठळक अक्षरांत छापलेली आढळते.

आता अंतराचा विचार करू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तंजावरहून मुंबई सरळ रेषेत अकराशे किलोमीटरांहून थोडी अधिक दूर आहे. तेव्हा जाऊन येण्यास किमान अकरा मिलिसेकंद लागतात. तारा सरळ रेषेत जात नाहीत, वाटेत अनेक यंत्रे लागतात, म्हणून प्रत्यक्ष काळ याच्या काही पट होतो. न्यू जर्सी साडेतेरा हजार किलोमीटरांच्या आसपास आहे. तेथील मुलास भारतातील सर्व्हरकडून उत्तर मिळण्यास दोनशे मिलिसेकंदांहून अधिक काळ लागणारच. यंत्र कितीही उंची घेतले तरी हा विलंब टळत नाही. नवख्यांच्या लक्षात सहसा न येणारी गोष्ट अशी की, विलंब मोजावयाचा तो खेळाडूपासून सर्व्हरपर्यंत. दोन खेळाडूंमधील अंतराचा त्याच्याशी संबंध नाही. तंजावरची दोन भावंडे एकाच खोलीत बसलेली असोत. सर्व्हर जर्मनीत असेल, तर एकाने मारलेली उडी दुसऱ्याच्या पडद्यावर समुद्र ओलांडून जाऊन परत येईल तेव्हाच दिसेल. पाचांपैकी चौघे भारतात असतील, तर सर्व्हर मुंबईस किंवा चेन्नईस असावा हे उघड आहे. देऊळ बांधताना पाव सेकंदाच्या विलंबाने फारसे बिघडत नाही. न्यू जर्सीच्या मुलाने द्वंद्वयुद्धाचा नाद तेवढा सोडावा.

सर्व्हर घरीच का ठेवू नये? ठेवता येतो, आणि शिकण्यासाठी तो मार्ग उत्तम आहे. परंतु भारतातील पुष्कळशा इंटरनेट जोडण्यांत अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो. शंभर बिऱ्हाडांच्या चाळीला एकच पत्रपेटी असावी, आणि पत्रावर खोलीचा क्रमांक घालण्याची सोय नसावी, तसा हा प्रकार होय. घरातून पत्र बाहेर जाते व त्याचे उत्तरही येते. पण बाहेरच्याने आपण होऊन त्या घराचे दार ठोठावणे अशक्य होते. दुसरी अडचण विजेची. कावेरीच्या खोऱ्यातील लोकांना ती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी 'गज' चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा त्या प्रदेशात विजेचे एक लाखाहून अधिक खांब पडले. तंजावर जिल्ह्यातील पट्टुकोट्टै व पेरावूरणी या भागांत कित्येक दिवस अंधार होता. अशा वेळी खेळाची आठवण कोणास होणार, हे खरेच. परंतु वीज अवचित गेली असता सर्व्हर नेमका नोंद लिहीत असेल, तर ती अर्धवट लिहिलेली फाइल पुढे उघडत नाही, आणि त्यासाठी वादळाचीही गरज नसते. म्हणून पुष्कळ लोक विदाकेंद्रातील यंत्राचा एक हिस्सा मासिक भाड्याने घेतात. तेथे जनित्रे असतात, सार्वजनिक पत्ता असतो, आणि यंत्र रात्रंदिवस चालू असते.

येथवर साध्या खेळाचा विचार झाला. मुलांना मात्र मूळ खेळात नसलेली दंतचक्रे, पाणचक्क्या व यारीही हव्या आहेत. अशी बाहेरून घातलेली भर म्हणजे मॉड. 'क्रिएट' या नावाच्या मॉडने हीच यंत्रे खेळात येतात. मॉड खेळात बसविण्यासाठी आधी एक जोडणारा प्रोग्राम लागतो. 'फोर्ज', 'फॅब्रिक' व 'निओफोर्ज' हे त्यांतील प्रसिद्ध होत. एकासाठी लिहिलेला मॉड सामान्यतः दुसऱ्यावर चालत नाही.

सर्वांत अधिक वेळ वाया जातो तो याच ठिकाणी, आणि कारण मात्र पोथ्यांच्या अभ्यासकांना परिचयाचे आहे. ते कारण म्हणजे पाठभेद. सरफोजी राजांनी वाढविलेल्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांवरील व कागदांवरील हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्यांत एक श्लोक कमीअधिक असला, तर 'बारावा श्लोक पाहा' असे म्हणताच दोघे वाचक दोन निरनिराळ्या श्लोकांकडे पाहू लागतात. सर्व्हर आणि खेळाडूंचे संगणक हेही एकमेकांशी क्रमांकांच्या भाषेत बोलतात. अमुक जागी अमुक क्रमांकाचा ठोकळा. दोन्हीकडील याद्या सारख्या नसतील, तर त्या बोलण्यास अर्थ उरत नाही, आणि सर्व्हर प्रवेश नाकारतो. म्हणून खेळाची आवृत्ती, जोडणाऱ्या प्रोग्रामाची आवृत्ती आणि प्रत्येक मॉडची आवृत्ती ही पाचही संगणकांवर सर्व्हरप्रमाणेच हवीत. एकाने तयार केलेला पूर्ण संच सर्वांनी घ्यावा. प्रत्येकाने वेगवेगळा गोळा करू नये. जे मॉड केवळ पडद्यावरील प्रकाश किंवा सावल्या सुधारतात, ते खेळाडूपाशीच राहावेत. सर्व्हरला पडदाच नसल्यामुळे त्यांतील काहींमुळे तो सुरूच होत नाही. मोबाइलवरील माइनक्राफ्ट ही निराळी आवृत्ती आहे. तिच्यातून अशा सर्व्हरवर येता येत नाही. ज्या मुलाकडे केवळ फोन आहे, त्याला हे आरंभीच सांगणे बरे.

प्रत्यक्ष उभारणीचे काम मानाने थोडे आहे. खेळाच्या आवृत्तीस अनुरूप असा जावा प्रोग्राम यंत्रावर बसवावयाचा, १.२०.१ या आवृत्तीस जावा १७ लागतो, तर १.२०.५ या आवृत्तीस जावा २१. मग जोडणारा प्रोग्राम सर्व्हरच्या स्वरूपात बसवून तो एकदा चालवावयाचा. पहिल्या खेपेस तो लगेच थांबतो. हा बिघाड नव्हे. करारनाम्याच्या फाइलीत संमती नोंदविली जावी अशी त्याची अपेक्षा असते. संमतीनंतर मॉड ठरलेल्या फोल्डरात ठेवून पुन्हा आरंभ करावयाचा. पाच खेळाडू आणि बेताचे मॉड असतील, तर चार ते सहा गिगाबाइट स्मृती बहुधा पुरते. सर्व्हर २५५६५ या क्रमांकाच्या दाराशी खेळाडूंची वाट पाहतो. पत्ता व हा क्रमांक मिळाला की भावंडे आत येऊ शकतात.

मात्र त्या दाराशी अनोळखी लोकही येतात. सार्वजनिक पत्ते क्रमाने चाचपडून पाहणारे प्रोग्राम इंटरनेटवर अखंड हिंडत असतात. म्हणून परवानगी दिलेल्या नावांची यादी पहिल्याच दिवशी लागू करावी. खेळाडूचे खाते तपासण्याची सोयही बंद करू नये. ती बंद असल्यास कोणीही परक्याचे नाव सांगून आत येतो, आणि मग यादी निरुपयोगी ठरते. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग४जे' या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामात असा दोष आढळला की, खेळातील गप्पांच्या चौकटीत एक विशिष्ट ओळ लिहिली, तर सर्व्हर परक्याचा प्रोग्राम चालवू लागे. जून २०२३ मध्ये मॉड वाटणाऱ्या नामांकित ठिकाणीच काही मॉडांत 'फ्रॅक्चरायझर' हा घातक प्रोग्राम शिरलेला सापडला. तो संगणकावरील पासवर्ड चोरी आणि इतर मॉडांच्या फाइलींतही शिरे. मॉड म्हणजे आपल्या यंत्रावर चालणारा दुसऱ्याचा प्रोग्राम होय. संख्या वाढविण्याच्या हौसेने तो घेऊ नये.

मॉड काढून टाकण्यातही धोका आहे. 'क्रिएट' नको म्हणून काढला आणि जग पुन्हा उघडले, तर त्याचे सर्व ठोकळे सर्व्हरला अपरिचित होतात. पाणचक्की होती तेथे रिकामी जागा राहते. त्यानंतर मॉड परत घातला तरी ती भरून येत नाही. राखीव प्रत असेल तरच चक्की परत मिळते.

राखीव प्रत ठेवावयाची ती दुसऱ्या ठिकाणी. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्त्रासबूर येथे एका मोठ्या विदाकेंद्राला आग लागली व त्याची एक इमारत जळून गेली. 'रस्ट' नावाच्या खेळाचे २५ सर्व्हर त्या आगीत नष्ट झाले, आणि त्यांवरील खेळाडूंनी उभारलेले काहीही परत आणता आले नाही. भाड्याच्या यंत्राने वीज जाण्याची चिंता मिटते, पण आगीची मिटत नाही. मुंबईच्या सर्व्हरवरील प्रत त्याच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे एकाच पेटीत दोन पोथ्या ठेवणे होय.

प्रत काढतानाही थोडी सावधगिरी हवी. सर्व्हर लिहीत असतानाच फोल्डर उचलला, तर गाभारा आजचा आणि गोपुर कालचे अशी प्रत हाती येते. म्हणून सर्व्हर थांबवावा, किंवा त्यास आधी सर्व नोंदी पुऱ्या करून लिहिणे स्थगित करण्याची आज्ञा द्यावी, प्रत घ्यावी आणि मग लिहिणे पुन्हा सुरू करावे. जगाबरोबर मॉडांचा संच व मांडणीच्या फाइलीही घ्याव्यात, कारण त्यांच्याविना ते जग जसेच्या तसे उघडणार नाही. ही प्रत पुण्याच्या बहिणीने आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. मग महिन्यातून एकदा तिने ती निराळ्या फोल्डरात उघडून खेळात शिरावे, आणि विमानाचे सारे थर जागच्या जागी आहेत ना, पाणचक्की फिरते ना, ते पाहून तंजावरला कळवावे.