समव्यावसायिकांसमोर शोधनिबंधाचे सादरीकरण : कुंडी भंडाऱ्याचे उदाहरण

प्रस्तावना :
शोधनिबंध लिहून झाला म्हणजे संशोधन पूर्ण झाले असे नाही. समव्यावसायिकांच्या प्रश्नांना ते उतरावे लागते. चर्चासत्रात मात्र बहुधा निबंध जसाच्या तसा वाचला जातो आणि प्रश्नांना वेळच उरत नाही. प्रस्तुत लेखात बऱ्हाणपूरच्या उदाहरणाने या विषयाचा विचार केला आहे.

उदाहरण :
कुंडी भंडारा ही इ. स. १६१५ च्या सुमाराची मोगलकालीन पाणीयोजना होय. इराणी भूगर्भतज्ज्ञ तबकुतुल अर्ज यांच्या नावाशी ती जोडली जाते. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी भुयारात घेऊन केवळ उताराच्या आधारे शहराकडे आणले गेले. भुयारावर विहिरींसारख्या कुंड्या आहेत. आतील भिंतींवर क्षारांचा थर साचतो. या थरावर शोधनिबंध सादर करावयाचा आहे असे समजू.

निरीक्षण व अनुमान :
थराच्या नमुन्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकताच बुडबुडे आले, हे निरीक्षण. थरात कार्बोनेट आहे, हे अनुमान. ते कॅल्शियमचेच आहे असे म्हणण्यासाठी कॅल्शियमची स्वतंत्र चाचणी हवी. कॅल्शियम खडकातून आले, हे तर त्यापुढचे विधान. रसायनशास्त्राचे प्राध्यापक चाचणीविषयी विचारतील, भूगोलाचे खडकाविषयी, तर इतिहासाचे विचारतील, “बांधकामातल्या चुन्याचे काय?” ज्याने हे टप्पे वेगळे मांडले, त्यालाच या प्रश्नांना उत्तर देता येते.

सादरीकरणाची पद्धत :
१) वीस मिनिटे मिळाल्यास पाच प्रश्नांसाठी राखावीत.
२) संशोधनाचा प्रश्न पहिल्याच मिनिटात एका वाक्यात सांगावा.
३) नमुने कोणत्या कुंडीतून, कोणत्या महिन्यात व किती घेतले हे सांगावे. उन्हाळ्यातील नमुन्यांवरून वर्षभराचा निष्कर्ष काढू नये.
४) एका पारदर्शिकेवर एकच आलेख असावा व अक्षांवर एकके लिहावीत.
५) स्वतः मोजलेले आकडे आणि ग्रंथांतून घेतलेले आकडे वेगळे दाखवावेत.

समारोप :
२०२४ मध्ये कुंडी भंडाऱ्याचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला. थर कशाचा, हे चुकीचे ठरले तर त्याची सफाईही चुकीची होईल आणि चारशे वर्षांच्या बांधकामाला इजा पोहोचेल. ती चूक सभागृहातच लक्षात आलेली बरी. म्हणून “हे मी तपासलेले नाही” असे म्हणण्यात प्राध्यापकाने कमीपणा मानू नये. पुढील शोधनिबंधाचा विषय बहुधा तेथेच सापडतो.