कूटचलनाद्वारे संशोधनासाठी लोकवर्गणी

बिटकॉइन, इथर यांसारख्या कूटचलनांच्या (क्रिप्टोकरन्सी) स्वरूपात जगभरातील व्यक्तींकडून लहानमोठ्या देणग्या गोळा करून वैज्ञानिक संशोधनास अर्थसाहाय्य करण्याच्या पद्धतीस कूटचलनाधारित लोकवर्गणी असे म्हणता येईल. ज्या देशांत संशोधनावरील सरकारी खर्च तुटपुंजा आहे, तेथील संशोधकांना हा एक पर्यायी मार्ग म्हणून सुचवला जातो.

== पार्श्वभूमी ==
दक्षिण कोरिया आपल्या स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या चार टक्क्यांहून अधिक रक्कम संशोधन व विकासावर खर्च करतो. भारतात हे प्रमाण २०२०-२१ मध्ये ०.६४ टक्के होते. आफ्रिकी संघाने सदस्य देशांसाठी एक टक्क्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, परंतु बहुतेक देश तेथवर पोहोचलेले नाहीत. लोकवर्गणीची कल्पना मात्र नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगाव येथे १९०८ साली काचकारखाना उभा राहिला होता. कूटचलनाने या जुन्या कल्पनेतील देशांच्या सीमा आणि बँकांचे मध्यस्थपण काढून टाकण्याचा प्रयत्न केला आहे.

== कार्यपद्धती ==
संशोधक आपला प्रस्ताव, अपेक्षित खर्च आणि डिजिटल पाकिटाचा पत्ता जाहीर करतो. प्रत्येक देणगीची नोंद ब्लॉकचेन या सार्वजनिक खातेवहीत होते व ती कोणालाही पाहता येते. इथेरियमसारख्या जाळ्यावर 'स्मार्ट करार' म्हणजे आपोआप अंमलात येणारी संगणकीय आज्ञावली वापरून रक्कम टप्प्याटप्प्याने देण्याची सोयही करता येते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही खातेवही पैसा कोठून कोठे गेला एवढेच सांगते. प्रयोग झाला की नाही, नीट झाला की नाही, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी जाणकारांकडून होणारे परीक्षण लागतेच.

वाटपाची एक लक्षवेधी रीत म्हणजे 'वर्गमूलक अर्थसाहाय्य'. व्हिटालिक ब्यूटेरिन, झोई हिट्झिग व ग्लेन वाइल यांनी ती २०१८ मध्ये मांडली. देणग्यांच्या वर्गमुळांची बेरीज करून तिचा वर्ग घेतला जातो आणि त्या प्रमाणात सामायिक निधीतून भर घातली जाते. एका व्यक्तीने १०० रुपये दिले तर उत्तर १०० येते. पंचवीस जणांनी प्रत्येकी ४ रुपये दिले, तर एकूण रक्कम तीच असूनही उत्तर २,५०० येते. धनिकाच्या एका देणगीपेक्षा अनेकांच्या पाठिंब्याला असे अधिक वजन मिळते. अर्थात बनावट खाती उघडून पंचवीस जण 'निर्माण' करणाराही निघतो, आणि त्याला ओळखणे हे या रीतीपुढील मोठे आव्हान आहे.

== उदाहरणे ==
दीर्घायुष्यावरील संशोधनासाठी २०२१ मध्ये स्थापन झालेल्या व्हिटाडाओ या समूहाने पहिले साहाय्य कोपनहेगन विद्यापीठातील प्रकल्पास दिले. डेन्मार्क हा काही निधीटंचाईचा देश नव्हे. देणगीदारांची आवड ज्या विषयात, तिकडे पैसा वळतो. सर्पदंश किंवा काळा आजार यांसारख्या गरीब देशांतील प्रश्नांना असे चाहते सहज मिळत नाहीत.

भारताशी थेट संबंध असलेले उदाहरण कोविडकाळातील आहे. एप्रिल २०२१ मध्ये पॉलिगॉनचे सहसंस्थापक संदीप नेलवाल यांनी कूटचलनातून मदतनिधी सुरू केला. मे महिन्यात ब्यूटेरिन यांनी त्यास शिबा इनू हे चलन दिले. त्याचे कागदोपत्री मूल्य एक अब्ज डॉलरहून अधिक होते. देणगीची वार्ता पसरताच त्या चलनाचा भाव घसरला, आणि विक्रीतून हाती आलेली रक्कम त्या मूल्याच्या निम्म्याहूनही कमी भरली. पुढे परदेशी देणगीविषयक भारतीय नियम सांभाळत खर्चाची गती मंदावत असल्याने, २०२२ च्या आरंभी त्यातील १० कोटी डॉलर ब्यूटेरिन यांच्याकडे परत देण्यात आले. त्यांनी ते कोविडविषयक संशोधन व मदतकार्यासाठी वापरण्याचे ठरवले. मदत भारतासाठी आली होती आणि तिचा मोठा भाग भारताबाहेर गेला, ही बाब या पद्धतीचा विचार करताना विसरता येत नाही.

== अडचणी ==
प्रयोगशाळेतील रसायने व वेतन स्थानिक चलनातच द्यावे लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलर असलेला बिटकॉइनचा भाव वर्षभरात १६,००० डॉलरच्या आसपास आला. तीन वर्षांच्या प्रकल्पाचे अंदाजपत्रक अशा चलनावर बेतता येत नाही. डॉलरशी मूल्य जोडलेल्या स्थिरनाण्यांमुळे ही अडचण कमी होते, पूर्णपणे टळत नाही.

कायद्यांचे स्वरूप देशोदेशी निराळे आहे. भारतात १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे, तर परदेशी देणगी स्वीकारण्यासाठी संस्थेस वेगळी नोंदणी लागते. चीनने २०२१ मध्ये कूटचलनाचे सर्व व्यवहार बेकायदा ठरवले. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांना अशी खाती बंद करण्यास सांगितले व डिसेंबर २०२३ मध्ये हा निर्बंध शिथिल केला. मधल्या काळात तेथील संशोधकाच्या डिजिटल पाकिटात देणगी जमा झाली, तरी ती बँकेमार्फत नायरामध्ये बदलून घेण्याचा सरळ मार्ग त्याला उपलब्ध नव्हता.