पुढून येणारा ठोका

राहू बेटात जुन्या पिकअपला विश्रांती नाही. गुऱ्हाळावरचा गूळ, तरकारी, दुधाचे कॅन भरून ती चौफुल्याकडे, तिथून पुण्याच्या मार्केट यार्डात जाते. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. त्यात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेले खड्डे. मग एक दिवस पुढून ‘ठक्’ ऐकू येतं आणि बहुतेक जण आधी शॉकॲब्झॉर्बर बदलतात. तो खर्च पुष्कळदा वाया जातो.

चेसिस आवाज वाहून नेते. डावीकडचा ठोका उजवीकडून आल्यासारखा वाटतो. म्हणून आवाज कुठून येतो यापेक्षा कधी येतो ते आधी टिपावं. ब्रेक दाबताना एकदा आणि रिव्हर्सला लगेच दुसऱ्यांदा ठोका आला, तर आर्मचे किंवा पाट्यांचे बुश, शॅकल, नाहीतर कॅलिपर ढिला असण्याची शक्यता जास्त. बारीक खड्ड्यांवर सतत खडखड होत असेल, तर स्टॅबिलायझरची लिंक किंवा शॉकॲब्झॉर्बरचे बुश पाहावेत. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर कट् वाजलं, तर टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, स्टिअरिंग बॉक्स. क्लच सोडताना वाजत असेल, तर इंजिनचं माउंटिंग किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस; सस्पेन्शनला उगाच हात लावू नये. माल भरल्यावर आवाज बंद होतो म्हणून दोष गेला असं मानू नये. वजनाने पाटे दाबले जातात आणि ढिलाई तात्पुरती झाकली जाते.

आता हाताने तपासणी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. एकाने स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने एकेका जॉइंटवर बोटं ठेवायची. डोळ्यांना न दिसणारा प्ले बोटांना लगेच कळतो. त्यानंतर चाक उचलून चेसिसखाली घोडा लावावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये. चाक वर-खाली धरून हलवलं आणि ते डुललं, तर जोडीदाराला ब्रेक दाबायला सांगावं. डुलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा, तसंच राहिलं तर बॉल जॉइंट किंवा किंगपिनचा. आडवं धरल्यावर हललं, तर टाय रॉड एंड पाहावा. इथे एक गोष्ट अनेकदा निसटते. स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा जोर खालच्या आर्मवर असेल, तर जॅक त्या आर्मखाली लावावा. नाहीतर बॉल जॉइंट ताणलेला राहतो आणि झिजलेला असूनही घट्ट भासतो.

पुढे पाटे असलेल्या गाडीत यू-बोल्टपाशी तांबूस भुकटी किंवा घासून चकाकलेली जागा दिसली, तर तिथे हालचाल होते आहे. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. अशी गाडी मालासह रस्त्यावर काढू नये, मग बाजार चुकला तरी चालेल.

रबरी बुश बदलल्यावर त्याचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पडल्यावरच पूर्ण आवळावेत. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. टाय रॉड एंड बदलला असेल, तर त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्यावं.