रक्ताचा गोटी सोडा

रक्तात तांबड्या पेशी जवळजवळ शून्य, तरी डुक्कर जिवंत! अ‍ॅमस्टरडॅमचे सर्जन ईटे बूरेमा यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग. पिल्लांचं रक्त काढून प्लाझ्मासारखा द्रव भरला आणि त्यांना तिप्पट दाबाच्या खोलीत ऑक्सिजनवर ठेवलं. पिल्लं तगली. रक्त परत चढवल्यावर पूर्ववत झाली.

कसं शक्य झालं? गोटी सोड्याची बाटली आठवा. दाब आहे तोवर वायू पाण्यात मुकाट विरघळलेला. आपलं हिमोग्लोबिन साध्या हवेतच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, तिथे आणखी ऑक्सिजनला जागाच नाही. पण दाब वाढवला की तो थेट प्लाझ्मात विरघळतो. १०० मिली रक्तात एरवी ०.३ मिली, तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजनवर सुमारे ६ मिली! स्वस्थ पडलेल्या शरीराची गरज जवळपास तेवढीच. सुजेने आवळलेल्या जागी तांबडी पेशी अडते, प्लाझ्मा मात्र झिरपतो. मधुमेहाची पायावरची हट्टी जखम काही रुग्णांत दाबाच्या चेंबरमधल्या या ऑक्सिजनमुळेच भरू लागते. तिथे नव्या केशवाहिन्याही फुटतात.

कोंदट बाथरूममधला गॅस गिझर कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि तो हिमोग्लोबिनला गोचिडीसारखा चिकटतो. साध्या हवेत त्यातला निम्मा सुटायला पाचेक तास, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर दीडेक तास, तिप्पट दाबाच्या चेंबरमध्ये जेमतेम २०-२५ मिनिटं. मला यातला सगळ्यात थरारक आकडा हाच वाटतो.

बाटली फटकन उघडली की सोडा फसफसतो. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात नायट्रोजनचं तेच होतं. उपाय म्हणजे त्याला पुन्हा दाबाखाली नेऊन बुडबुडे बारीक करायचे, मग दाब हळूहळू उतरवायचा.

उपचारासाठी चेंबरमध्ये जाताना अंगावर फक्त सुती कपडे. केसाला तेल नाही, अत्तर नाही, मोबाइल नाही, कारण ऑक्सिजनमध्ये ठिणगीचा भडका व्हायला वेळ लागत नाही. दाब चढू लागला की घाटात बसतात तसे कानाला दडे बसतात. आवंढा गिळत राहायचं. ऑक्सिजन अती झाला तर झटके येऊ शकतात, म्हणून मधूनमधून साध्या हवेची सुट्टी देतात. तेव्हा तारुण्य टिकवायला म्हणून या चेंबरमध्ये शिरू नका.

आणि एक गंमत. बऱ्याच बैठकांनंतर डोळ्यांचं भिंग तात्पुरतं बदलतं, दूरचं धूसर होतं. चाळिशी लागलेल्या काहींना मात्र त्या दिवसांत चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो!