सदतीसातले तीन

आपण निवडून दिलेला खासदार मंत्री झाला नाही, तर भाषणांपलीकडे दिल्लीत करतो काय? बहुतेकदा तो एखाद्या स्थायी समितीवर असतो. विभागांशी संबंधित अशा समित्या 24. प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य. म्हणजे एकट्या लोकसभेच्या वाट्याला 504 जागा, सभागृह 543 चे, आणि मंत्र्यांना तर इथे मज्जावच! त्यामुळे जवळपास प्रत्येकाला पाट मिळतो. पक्ष नावे पाठवतात, लोकसभेच्या सदस्यांना अध्यक्ष नेमतात, राज्यसभेच्या सदस्यांना सभापती.

खरी गंमत मात्र लोकलेखा समितीत आहे. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी ही 1921 पासूनची समिती. तिच्यावर नेमणूक नसते, निवडणूक असते, तीही आपल्या विधान परिषदेसारखी पसंतीक्रमाची. लोकसभेतून 15 जण निवडायचे. सगळी 543 मते पडली असे धरा. जागांत एक मिळवून भागा, म्हणजे 543 भागिले 16. अपूर्णांक सोडा, एक मिळवा. निवडून येण्यासाठी लागणारा कोटा आला 34.

आता 2024 चे निकाल घ्या. भाजपचे 240 : सात कोटे पुरे, वर दोनच मते. काँग्रेसचे 99 : दोन कोटे, आणि उरतात 31. तिसऱ्या उमेदवाराला तीन मते कमी! समाजवादी पक्षाचे 37 : एक कोटा काढला की उरतात नेमकी तीन. सदतीस जणांनी पहिली पसंती आपल्या माणसाला आणि दुसरी काँग्रेसच्या त्या उमेदवाराला दिली, तर कोट्यावरची ती तीन मते त्याच्याकडे जातात : 31 अधिक 3 बरोबर 34. कोणाचे उपकार नाहीत, कोणाची मर्जी नाही. नुसता भागाकार विरोधकाला खुर्चीवर बसवतो. प्रत्यक्षात पक्ष आधीच नावे ठरवतात आणि निवड बहुधा बिनविरोध होते. पण ते बोलणे होते याच गणिताच्या धाकाने.

अध्यक्षपदाचे गणित वेगळे, ते नियमापेक्षा पायंड्याचे. 1967 मध्ये स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी, एकेकाळचे मुंबईचे महापौर, या समितीचे पहिले विरोधी पक्षीय अध्यक्ष झाले. तेव्हापासून सरकारचा हिशेब विरोधकाच्या अध्यक्षतेखाली तपासला जातो.

या समितीची मुदत एकच वर्ष. आणि मधेच मंत्रिपद मिळाले, तर त्याच दिवसापासून समितीतले सदस्यत्व संपते.